वाळवंटातल्या गावात घोडे पाळणं : विकेनबर्ग, ॲरिझोना

रेतीतली मालवणी

आमच्याकडे दोन घोडे आहेत म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे लगेच सूर्यास्त, रुंद काठाची टोपी आणि मागे धुळीचा लोट येतो. खरं सांगायचं तर माझा बहुतेक वेळ लीद उचलण्यात आणि पाण्याच्या टाक्या घासण्यात जातो. तरी बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहिते.

विकेनबर्ग फिनिक्सच्या वायव्येला गाडीने तासाभरावर आहे. १८६३ साली सोन्याच्या खाणीपायी वसलेलं गाव. हसायाम्पा नदी गावातून वाहते, म्हणजे नकाशावर वाहते. वर्षातले बहुतेक दिवस पाणी वाळूच्या खालून जातं आणि वरून आम्ही घोड्यावरून जातो. हिवाळ्यात गाव फुगतं. दोघा स्वारांनी मिळून एका बैलाला फास टाकायचा, एकाने शिंगांत आणि दुसऱ्याने मागच्या पायांत, हा टीम रोपिंगचा खेळ इथे रोज कुठे ना कुठे चालू असतो. गाव स्वतःला त्याची जागतिक राजधानी म्हणवतं. ऑक्टोबर ते एप्रिल किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये घोड्यांचे ट्रेलर लागलेले. मे उजाडला की ही मंडळी थंड मुलुखात पळतात आणि मागे राहतो आम्ही.

चिंगी १४ वर्षांची, क्वार्टर हॉर्स जातीची घोडी, रंगाने तांबडी, स्वभावाने सासू. बाबूराव खच्ची घोडा, वय २०, काम कमी आणि मत जास्त.

इथे राहायचं तर आधी घड्याळ बदलावं लागतं. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, त्यामुळे जूनमध्ये सव्वापाच-साडेपाचलाच सूर्य वर येतो. मी चारला उठते. खरारा, खोगीर, तंग (खोगीर कसायचा पट्टा), सगळं अंधारात, आणि साडेसातच्या आत परत. टॉर्च लावत नाही. घोड्याला अंधारात आपल्यापेक्षा चांगलं दिसतं, पण उजेडातून अंधारात डोळे जुळायला त्याला आपल्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. मी टॉर्च मारून वाट बघायची आणि त्याने आंधळं होऊन ठेचकाळायचं, यात काय अर्थ?

नंतर दिवसभर घोडे सावलीत आणि मी पाण्याच्या मागे. साध्या दिवशी एक घोडा ३०-४० लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. बागेच्या नळीत उन्हात तापलेलं पहिलं पाणी चहाला चालेल असं असतं. ते आधी जमिनीवर सोडायचं, हात घालून बघायचं, मगच टाकीत. पहिल्या वर्षी मी नळी थेट चिंगीच्या पाठीवर धरली होती. तिने ते अजून विसरलेलं नाही.

दुडकी

ताई, अगदी वेळेवर धागा! मी ऑगस्टमध्ये नोकरीसाठी फिनिक्सच्या उत्तरेला येतेय. लहानपणी तीन वर्षं रायडिंग शिकले होते. पहिला घोडा घ्यायचा विचार आहे. इतक्या उन्हात घोडा ठेवणं क्रूरपणा नाही ना? आणि किती तापमानापर्यंत बसता येतं?

खरारा

दुडकी, एक सोपा हिशोब आहे. फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेचा टक्का यांची बेरीज करायची. १३० च्या खाली बिनधास्त. १५० च्या पुढे जपून. १८० च्या पुढे तंग कसायचाच नाही. मी शनिवार-रविवारी बसतो, मला हा नियम पुरतो.

रेतीतली मालवणी

खरारा, तुमच्या नियमानेच करू या हिशोब. जूनच्या दुपारी इथे ११० तापमान, आर्द्रता ७. बेरीज ११७. म्हणजे मी भर दोन वाजता चौखूर उधळायला हरकत नाही!

हा नियम दमट प्रदेशाचा आहे, जिथे घाम वाळत नाही ही अडचण असते. आमच्याकडे घाम इतका पटकन वाळतो की दिसतच नाही. घोडा कोरडा ठणठणीत दिसतो आणि आतून रिकामा होत असतो. खोगिराच्या कडेला पांढऱ्या मिठाची रेघ उमटली की समजायचं किती गेलं ते. वर ऊन, खाली तापलेली वाळू. डांबरी रस्ता तर ६५ सेल्सिअसच्या वर जातो, तो ओलांडतानाही मी वेळ बघते. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस ११० फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त तापमान होतं. त्या महिन्यात मी फक्त सात वेळा बसले, तेही चालीवर.

दुडकी, क्रूरपणाचं म्हणशील तर सावली, वारा, पाणी आणि मीठ असेल तर घोडा तुझ्या-माझ्यापेक्षा बरा राहतो. यातलं एक जरी नसेल तर मात्र हो.

निवडुंग

बाबूरावांचं मत काय आहे पण?

रेतीतली मालवणी

बाबूराव पंख्यासमोर उभे आहेत. मिस्टिंगचा, म्हणजे पाण्याचे तुषार उडवणारा पंखा घेतलाय त्यांच्यासाठी. माझ्या स्वयंपाकघरात साधा आहे.

अश्ववैद्य

बरीच वर्षं घोड्यांवर उपचार केलेत, म्हणून मिठाबद्दल थोडं.

माणसाचा घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो. आपल्याला घाम आला की मागे उरलेलं रक्त जास्त खारट होतं आणि मेंदू तहानेची घंटा वाजवतो. घोड्याच्या घामात रक्ताइतकेच, किंबहुना जास्तच क्षार असतात. पाणी आणि मीठ जोडीनेच बाहेर पडतं, त्यामुळे ती घंटा नीट वाजत नाही. लिटरच्या लिटर घाम गेलेला घोडा टाकीपुढे उभा राहून पाण्याला तोंड लावत नाही आणि मालक म्हणतो, 'त्याला तहान नाहीये.' कष्टाच्या कामात तासाला १० लिटर किंवा त्याहून जास्त घाम जाऊ शकतो, हे लक्षात घ्या. काम नसलेल्या घोड्यालाही रोज साधारण ३० ग्रॅम मीठ लागतं, उन्हाळ्यात त्याहून बरंच अधिक. चाटायच्या ढेपेवर विसंबू नका. ती गाईच्या खरबरीत जिभेसाठी ठीक, घोड्याची जीभ मऊ असते. चंदीत (दाण्याच्या खुराकात) सुटं मीठ मिसळा.

मानेवर लगाम घासतो तिथे साबणासारखा फेस येतो ना, तो लॅथरिन नावाच्या प्रथिनाचा. त्यामुळे घाम केसांतून पसरतो आणि लवकर उडतो. फेस बघून घाबरू नका. घाम यायला हवा तेव्हा आला नाही, तर मात्र घाबरा.

परत आल्यावर गार पाणी बिनधास्त ओता. तापलेल्या स्नायूंवर गार पाणी टाकलं की गोळे येतात, हा समज १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या तयारीत झालेल्या संशोधनाने मोडीत काढला. ओतत राहा, मध्ये थांबून पाणी निपटत बसायची गरज नाही. आरामात नाडीचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. कामानंतर दहा-पंधरा मिनिटांत ते ६० च्या खाली आले पाहिजेत.

खरारा

माझी बेरीज मागे घेतो. 🙏 आमच्या तबेल्यात अजून भिंतीवर चिकटवलेली आहे ती.

रच्याकने, चोयाबद्दल कुणी बोललं नाही अजून. दुडकी, हा निवडुंगाचा प्रकार (आपले निवडुंगराव नव्हेत). याचे तुकडे पेरासारखे तुटतात आणि नुसत्या स्पर्शाने चिकटतात. लोक म्हणतात उडी मारतो. उडी वगैरे मारत नाही, पण ज्याला लागला त्याला पटवून देता येत नाही. गेल्या मार्चमध्ये माझ्या घोड्याच्या मागच्या पायाला एक तुकडा लागला. त्याने पाय झाडला, तुकडा पोटाला चिकटला. मग पोटाला लाथ मारायला गेला आणि तो गेला खुराच्या वरच्या मऊ भागात. मी तोवर खाली होतो. उतरलो नव्हतो, पडलो होतो.

खोगिराच्या पिशवीत लांब दातांचा कंगवा आणि पक्कड, या दोन वस्तू हव्यातच. कंगवा काट्यांच्या आणि कातडीच्या मध्ये घालायचा आणि झटक्यात, स्वतःपासून दूर उडवायचा. हाताने ओढायला गेलात तर तुम्ही आणि घोडा एकमेकांना टाचले जाल.

निवडुंग

माझ्या नातेवाइकांच्या वतीने दिलगिरी.

सुमनमावशी

घरचा विषय आहे म्हणून लिहिते. माझ्या वडिलांच्या वेळी घोडं होतं. खरारा, रिकीब, तंग हे शब्द कितीतरी वर्षांनी वाचले. मालवणी, तू हे शब्द कुठून उचललेस? मालवणात घोडे कुठले?

चारा काय घालतेस तेही सांग.

रेतीतली मालवणी

मावशी, मालवणात घोडे नाहीतच, म्हणूनच शब्द पुस्तकातून आले. इथे आल्यावर हातात वस्तू इंग्रजी नावाने आली, पण 'गर्थ' म्हणून मला काही कसता येईना. 'तंग' म्हटलं की हाताला आपोआप कळतं किती ओढायचा.

चाऱ्याची गंमत ऐका. इथे दोन गवतं, अल्फाल्फा आणि बर्म्युडा. पहिल्या वर्षी नावं ऐकून वाटलं, काहीतरी फार परदेशी असणार. अल्फाल्फा म्हणजे लसूणघास. आणि बर्म्युडा म्हणजे आपली हरळी हो! गणपतीला २१ जुड्या वाहतो ती दूर्वा. चिंगी रोज आठ-नऊ किलो दूर्वा खाते, पुण्य किती झालं असेल कल्पना करा. इथलं मेस्कीट आपल्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंड. शेंगा गोड असतात आणि बाबूराव चोरून खातात. जास्त खाल्ल्या तर पोट धरतं, म्हणून कुंपणाजवळचं झाड छाटून टाकलं. आणि फिनिक्समध्ये बघाल तिथे कण्हेरीचं कुंपण. मूठभर पानांनी घोडा मरतो, वाळलेल्या पानांनीसुद्धा. दुडकी, भाड्याने जागा बघशील तेव्हा सगळ्यात आधी कण्हेर बघ.

खरारा

निव्वळ लसूणघास घालू नका म्हणतात ना? खडे होतात?

अश्ववैद्य

होतात. कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनात हा आजार नेहमी दिसतो. इथल्या लसूणघासात मॅग्नेशियम आणि प्रथिनं भरपूर, त्यामुळे मोठ्या आतड्यात एखाद्या बारीक खड्याभोवती किंवा तारेच्या तुकड्याभोवती थरावर थर चढत जातात. शस्त्रक्रियेत माणसाच्या डोक्याएवढे गोटेही निघालेत. निम्म्याहून अधिक चारा गवताचा ठेवा. आता कुणी हरळीला सर्वगुणसंपन्न म्हणायच्या आत सांगतो, फार बारीक आणि वाळकी हरळी काही घोड्यांचं पोट बांधते. पाणी कमी पडलं की हमखास.

रेतीतली मालवणी

पोटाचा विषय निघालाच आहे तर जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. यात चूक माझी होती.

दोन वर्षांपूर्वी चिंगीच्या चाऱ्याची गव्हाण मोडली. नवीन आणू, आणू म्हणत दोन महिने मी चारा जमिनीवर टाकत राहिले. जमीन म्हणजे वाळूच. ती पानं वेचून खायची, शेवटचा चुरा ओठांनी टिपायची आणि त्याबरोबर वाळू. मला वाटायचं किती स्वच्छ खाते बाई.

सप्टेंबरच्या एका रात्री दहाला ती आडवी झाली, उठली, पुन्हा आडवी. पुढच्या पायाने जमीन उकरत होती, मान वळवून पोटाकडे बघत होती. वरचा ओठ उलटा. डॉक्टरांना यायला तास लागला. त्यांनी छातीच्या हाडाच्या मागे, पोटाच्या अगदी तळाला स्टेथोस्कोप टेकवला आणि बराच वेळ गप्प. मग काही न बोलता नळ्या माझ्या कानात घातल्या.

आधी काहीच नाही. मग एक लांबलचक 'स्स्स्श'. थांबलं. परत आलं.

मावशी, मी समुद्रापासून दोनशे पावलांवर वाढलेय. मला तो आवाज कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ओली वाळू लाटेबरोबर मागे सरकते तेव्हाचा आवाज. जवळचा समुद्र इथून शेकडो किलोमीटरवर आणि माझ्या घोडीच्या पोटात किनारा. मी रडायला लागले तर डॉक्टरांना वाटलं, मी खर्चाला घाबरले.

नाकातून नळी घालून इसबगोल आणि मिनरल ऑइल सोडलं. चार दिवस तिच्या लिदीतून वाळू पडत होती. वाचली.

सुमनमावशी

इसबगोल? आपलं तेच? रात्री दुधातून घेतात ते?

अश्ववैद्य

तेच, मावशी. पाण्यात फुगून त्याचा बुळबुळीत गोळा होतो आणि तो वाळू सोबत ओढून नेतो. प्रतिबंधासाठी महिन्यातले सलग सात दिवस देतात. रोज दिलं तर आतड्यातले जंतू ते पचवायला शिकतात आणि उपयोग राहत नाही. कोरडं देताय तर लगेच खाऊ द्या, ओलं करून ठेवलंत तर बादलीत खळ होते आणि घोडा हुंगून निघून जातो.

पण इसबगोलापेक्षा रबराची चटई आणि गव्हाण स्वस्त. शिवाय घोड्यापुढे सतत थोडं तरी गवत हवं. भुकेला घोडा जमीन चाटतो.

रेतीतली मालवणी

आणि बरणी! दर महिन्याला मी मूठ-दोन मुठी ताजी लीद (जमिनीला न टेकलेला वरचा भाग) काचेच्या बरणीत घालते, पाणी ओतते, ढवळते आणि पंधरा मिनिटं ठेवते. लीद तरंगते, वाळू तळाला बसते. बरणी लोणच्याची आहे. नवऱ्याने तिच्यावर लाल रंगात फुली मारून ठेवलीय.

नाल_की_बिननाल

मी टुसॉनजवळ राहतो, दोन्ही घोडे बिननालेचे. कोरड्या हवेत खूर दगडासारखे होतात, नाल कशाला? वाळवंट हाच नालबंद.

खरारा

वाळूत खरंय, खडकात नाही. माझ्या वाटेवर फुटक्या गारगोट्या आहेत, तळव्याला खुपतात. पुढच्या पायांना नाल, मागचे उघडे. आणि कोरडे खूर कडक होतात तसे तडकतातही. दर सहा-सात आठवड्यांनी नालबंद यायलाच हवा, नाल मारो न मारो.

नाल_की_बिननाल

बूट घाला की. रबराचे मिळतात, घरी आलं की काढायचे.

खरारा

दोन घातले होते. एक अजून वाळूत आहे.

दुडकी

वाचून घाम फुटला (माझा कमी खारट). सापांचं काय? आणि पावसाळ्यात बसता येतं का?

रेतीतली मालवणी

सापाचं थोडक्यात. रॅटलस्नेक घोड्याला बहुतेक वेळा नाकावर चावतो, कारण घोडा हुंगायला जातो. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. नाक सुजून बंद झालं की संपलं. म्हणून आम्ही बागेच्या नळीचे सहा-सहा इंचांचे दोन तुकडे, कडा गुळगुळीत केलेले, जवळ ठेवतो. सूज चढायच्या आत नाकपुड्यांत सरकवायचे, चिकटपट्टी लावायची आणि डॉक्टर गाठायचे. चीर देणं, चोखणं वगैरे सिनेमात. मला अजून वापरावे लागले नाहीत, पण दर वेळी पिशवीत हाताला लागतात.

पावसाळा इथे हवामान खात्याच्या हिशोबाने १५ जून ते ३० सप्टेंबर, प्रत्यक्षात जुलैच्या सुरुवातीला. तेव्हा हवेत दमटपणा येतो आणि खराराची बेरीज एकदम खरी व्हायला लागते! भिंतीवरून काढू नका ती.

वॉश म्हणजे कोरडे ओढे, आमच्या रोजच्या वाटा. ऊन पडलंय म्हणून निर्धास्त राहायचं नाही, पाऊस तीस किलोमीटरवरच्या डोंगरात पडतो आणि पाणी आपल्याकडे येतं. आधी वारा येतो, ओल्या क्रिओसोटच्या झुडपाचा वास येतो. चिंगी थांबली की मी वाद घालत नाही, सरळ काठावर चढते. अडथळे ओलांडून गाडी पुरात घातली आणि सुटका करावी लागली तर खर्च तुमच्याकडून वसूल करायचा कायदा आहे ॲरिझोनात. लोक त्याला मूर्ख मोटारवाला कायदाच म्हणतात. घोडेवाल्यांना वेगळा कायदा लागत नाही, घोडा शहाणा असतो.

अजून दोन गोष्टी राहिल्या. राज्याच्या ट्रस्ट जमिनीवर फिरायचं तर परवाना काढावा लागतो, ऑनलाइन मिळतो. आणि हा मोकळ्या चराईचा मुलूख आहे. गुरं आपल्या जागेत नको असतील तर कुंपण आपण घालायचं, गुरांच्या मालकाने नव्हे. शहरातून आलेले याच्यावरून भांडतात आणि हरतात.

दुडकी

अपडेट! एक घोडी बघून आले. ११ वर्षांची, करडी, शांत. ताई, तुमचं ऐकून दुपारी तीनला गेले, सावली कुठे पडते ते बघायला. शेड आहे, टाकी स्वच्छ, कण्हेर नाही. पण चारा जमिनीवर टाकला होता. मी पर्समधून बरणी काढली तर मालक माझ्याकडे बघतच राहिला.

तळाला बोटभर वाळू बसली. तो म्हणतो, इथे सगळ्यांचीच असते. काय करू? मला फार आवडलीय ती.

अश्ववैद्य

सगळ्यांची असते हे खरं नाही. खरेदीआधीच्या तपासणीत पोटाचा एक्स-रे मागा. डॉक्टर तुमचा असू द्या, मालकाचा नको.

रेतीतली मालवणी

एक्स-रेचा खर्च किमतीतून वजा करायला सांग. नाही म्हणाला तर निघ. हो म्हणाला तर गव्हाण आधी घे, घोडी मागून. आणि वेळ आहे का पुढच्या रविवारी? पहाटे चारला ये, बाबूरावांवर बस. ते पडू देत नाहीत, फक्त अपमान करतात.

निवडुंग

दुडकी, पर्समध्ये बरणी ठेवतेस?

दुडकी

लोणच्याचीच आहे.